पेटीवरून पियानोवर: कॉर्डची चिन्हं वाचायला शिकले त्याची हकिकत

आमच्या सोसायटीत दर कोजागिरीला गच्चीवर गाण्यांचा कार्यक्रम होतो. गाणारे घरचे, वाजवणारेही घरचे. २०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला झाली आणि महिन्याभरातच आमचे की-बोर्ड वाजवणारे शेजारी बदली होऊन बंगळुरूला गेले. जाताना गाण्यांची फाइल माझ्याकडे देऊन गेले. मी लहानपणापासून पेटी वाजवते, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. तेव्हा पुढच्या वर्षी की-बोर्डवर मीच बसणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं.

फाइल उघडली. गाण्याचे शब्द मराठीत आणि शब्दांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरं, म्हणजे कॉर्डची (एकत्र वाजवायच्या काही स्वरांच्या गटाची) चिन्हं. काही अक्षरांना छोटा एम जोडलेला, काहींना ७, कुठे तिरकी रेघ देऊन पुढे दुसरंच अक्षर, एके ठिकाणी अधिकचं चिन्ह. स्वर एकही लिहिलेला नाही. भातखंडे लिपीत आपल्याला सगळं कसं दिसतं: स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, टिंब वर असला तर तार आणि खाली असला तर मंद्र, शिवाय तालाच्या मात्रा, सम, खाली. या पानांवर त्यातलं काहीच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला.

गेल्या महिन्यात भजनी मंडळातल्या दोघीजणींनी मला हेच विचारलं, की सरगम येते, पेटी येते, पण कॉर्डचं पान कळत नाही, सुरुवात कुठून करायची. त्यांना फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

नोव्हेंबर आणि डिसेंबर शिक्षक शोधण्यात गेले. आधी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. ते चांगले असतात, पण बहुतेक ज्याला स्वरच माहीत नाहीत त्याच्यासाठी केलेले. मला सा ते सां कुठे आहे हे सांगायची गरज नव्हती, अक्षरं वाचायची होती. घराजवळच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. तिथे फी तीन महिन्यांची एकदम भरायची होती, सुरुवात स्टाफ नोटेशनच्या (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या) पहिल्या पुस्तकापासून, आणि कॉर्ड साधारण वर्षभराने. दुसरीकडे फक्त मुलांच्या बॅचेस होत्या. शेवटी ओळखीतून कॅम्पात राहणाऱ्या एका टीचरचा पत्ता मिळाला. मूळच्या म्हापशाच्या, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला, आता निवृत्त, घरी एक जुना उभा पियानो. त्यांच्याकडे जागा जानेवारीतच होणार होती. फोनवर त्यांनी माझी पूर्ण चौकशी केली आणि म्हणाल्या, ''पेटी वाजवतेस ना? मग जानेवारीपर्यंत एकच काम कर. डाव्या हाताने वाजव. काहीही वाजव, पण डाव्याने.''

त्यामागचं कारण मला लगेच कळलं. पेटीवर माझा डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिला. त्या हाताच्या बोटांना पट्टी ठाऊकच नाही. रोज रात्री जेवणं आटोपली की मी पेटी उलटी फिरवून बसायचे, उजव्या हाताने भाता आणि डाव्याने अलंकार. सारेग, रेगम सुद्धा जड जायचं. पण नवीन शिकायच्या आधीचा हा रिकामा काळ फार उपयोगी पडला. तुम्हालाही क्लाससाठी थांबावं लागलं तर हे जरूर करा, यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार, पहिला धडा. फी तासाला ७०० रुपये, महिन्याचे २,८०० आगाऊ. एक दिवस आधी कळवून रजा घेतली तर तो तास पुढे मिळे, त्याच दिवशी कळवलं तर नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, मार्चमध्ये शनिवारीही थांबावं लागतं, म्हणून हे आधीच विचारून घेतलं होतं. वही मात्र त्यांनी साधी एकरेघी आणायला सांगितली. स्टाफ नोटेशनची पाच रेघांची वही लागलीच नाही.

पियानोसमोर खुर्चीवर बसल्यावर पहिली अडचण उंचीची. पेटी मांडीच्या पातळीला असते आणि हात वरून खाली येतो. इथे कोपर पट्टीच्या पातळीला हवं. टीचरनी खुर्चीवर उशी ठेवली आणि विचारलं, ''तुझा सा कुठे?''

मी म्हटलं, ''गाणाऱ्यावर अवलंबून. बायकांना काळी चार, काळी पाच. पुरुषांना पांढरी एक, काळी एक.''

''इथे तो प्रश्नच नाही. अक्षर पट्टीला बांधलेलं आहे. सी म्हणजे तुझी पांढरी एक, कुणीही गाओ.''

मला एकदम हलकं वाटलं. कारण ही यादी तर मला पाठ होती, फक्त दुसऱ्या नावांनी. पांढरी एक ते पांढरी सात म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक म्हणजे सी शार्प किंवा डी फ्लॅट, काळी दोन म्हणजे डी शार्प किंवा ई फ्लॅट, काळी तीन एफ शार्प किंवा जी फ्लॅट, काळी चार जी शार्प किंवा ए फ्लॅट, काळी पाच ए शार्प किंवा बी फ्लॅट. शार्प म्हणजे एक पट्टी वर, फ्लॅट म्हणजे एक पट्टी खाली, म्हणून प्रत्येक काळीला दोन नावं, पट्टी एकच. पेटीवाल्यांनो, वहीच्या पहिल्या पानावर ही यादी लिहा आणि आठवडाभर दुसरं काही करू नका. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर मात्र लावू नका. पेटीवर आपण स्टिकर लावून शिकलो नाही, इथेही गरज पडत नाही.

दुसऱ्या तासापासून अक्षराच्या पुढच्या खुणा. टीचरचं सांगणं असं: अक्षर सांगतं कुठून सुरुवात, आणि पुढची खूण सांगते किती अंतरं टाकायची. नुसतं अक्षर म्हणजे मेजर कॉर्ड. अक्षराच्या पट्टीवरून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून चार पट्ट्या पुढे, तिथून तीन पुढे. सी वरून ई, ई वरून जी. छोटा एम लावला की मायनर, म्हणजे आधी तीन, मग चार. सी, ई फ्लॅट, जी.

घरी येऊन मी हे सरगमीत लिहून पाहिलं आणि तिथे मला खरी वाट सापडली. अक्षराच्या पट्टीला तेवढ्यापुरता सा मानायचा. मग मेजर म्हणजे सा ग प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. पुढे ७ लिहिला असेल तर वर कोमल नी. मेजर ७ लिहिलं असेल तर शुद्ध नी. सस ४ म्हणजे ग काढून त्याच्या जागी म, सस २ म्हणजे ग च्या जागी रे. अधिकचं चिन्ह म्हणजे पंचम एक पट्टी वर, कोमल धैवताच्या जागी. छोटं वर्तुळ म्हणजे कोमल ग आणि पंचम एक पट्टी खाली, तीव्र मध्यमाच्या जागी. पंचम आपल्याकडे अचल, इथे तो हलतो, याची कानाला सवय व्हायला वेळ लागला. ६ म्हणजे सा ग प आणि ध. आणि अक्षरापुढे नुसता ५ असेल तर सा आणि प, ग नाहीच. म्हणजे तानपुऱ्याचेच दोन स्वर.

ही वही मी टीचरना दाखवली. त्यांनी लहानपणी गोव्यात सोल्फेजो (डो, रे, मी अशा नावांनी स्वर गायची पद्धत) शिकलेला, त्यामुळे त्यांना ती पद्धत परकी वाटली नाही. एक अट घातली, की पान वाचताना मनात सरगम म्हणायची नाही. समजून घ्यायला सरगम, वाचताना अक्षर बघून थेट हात. कारण प्रत्येक कॉर्डला सा बदलत राहिला तर गाण्याचा सा हरवतो. हे अगदी खरं आहे आणि पेटीवाल्यांनी फार जपायला हवं.

खुणांमधल्या काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. मोठा एम आणि छोटा एम हातानं लिहिलेल्या पानात सारखेच दिसतात. मोठा एम ७ म्हणजे मेजर ७, छोटा एम ७ म्हणजे मायनर ७, आणि दोन्हींत गंधारही वेगळा, निषादही वेगळा. म्हणून काहीजण मेजर ७ साठी छोटा त्रिकोण काढतात आणि मायनरसाठी वजाचं चिन्ह. वर्तुळावर आडवी-तिरकी काट असेल तर मायनर ७ फ्लॅट ५ समजायचं. ९ लिहिलं असेल तर वरच्या सप्तकातला रे, पण त्यात कोमल नी धरलेलाच असतो. नुसता रे हवा असेल तर 'ॲड ९' असं लिहितात. ११ म्हणजे म, १३ म्हणजे ध. सात वजा करा, म्हणजे स्वर कोणता ते लगेच सापडतं. आमच्या फाइलमधल्या सगळ्या खुणा मी एका पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावल्या होत्या.

फेब्रुवारीपर्यंत मला कुठलंही चिन्ह दाखवलं तरी सांगता यायला लागलं. पण सांगता येणं आणि वेळेवर वाजवता येणं यात मोठं अंतर. गाणं थांबत नाही. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) ६० वर लावून आम्ही आधी फक्त डावा हात घेतला. अक्षर दिसलं की त्या अक्षराची एक पट्टी, खालच्या सप्तकात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. बाकी काही नाही. पूर्ण गाणं नुसतं असं वाजवायचं. ऐकायला ते अगदी उघडं वाटतं, पण निम्मं गाणं तिथेच उभं राहतं. मग उजव्या हाताने तीन स्वरांचा कॉर्ड, तोही समेवर एकदाच.

इथे एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. पानावर सी, ए मायनर, एफ, जी ७ असं लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी अक्षराच्या पट्टीपासून कॉर्ड मांडायला गेलं तर हात सतत उड्या मारत राहतो. पण चिन्ह फक्त कोणते स्वर ते सांगतं, कुठला खाली आणि कुठला वर ते सांगत नाही. ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. सी हा सा ग प असा धरा. ए मायनरसाठी फक्त प चा ध करा: सा ग ध. एफ साठी फक्त ग चा म करा: सा म ध. जी ७ साठी म जागेवर ठेवा, सा खाली नीवर आणि ध खाली पवर: मंद्र नी, म, प. यात रे राहून जातो, पण चालतं, कान तो भरून घेतो. मग परत सा ग प. हात जवळजवळ जागेवरच राहतो, बोटं एकेक सरकतात. डाव्या हातात सी, ए, एफ, जी चालू असतंच. पहिल्यांदा हे सलग जमलं त्या शनिवारी मी घरी परतताना बसमध्ये मांडीवर बोटं हलवत होते. त्या दिवशीचा आनंद मोठा होता.

तोवर घरी सराव पेटीवरच. पेटीवर कॉर्ड वाजतो, पण सूर धरून राहतो आणि तीन स्वर एकत्र फार दाट होतात. पियानोत स्वर उमटतो आणि विरत जातो, त्यामुळे हात किती वेळा टाकायचा याचा अंदाज वेगळा. म्हणून ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, की-बोर्ड घरी आणला. नवा नाही, वापरलेला, ६१ पट्ट्यांचा, ९,००० रुपयांना. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. बोट हळू आणि जोरात टाकल्यावर आवाजात फरक पडतो का, पेडलची आणि हेडफोनची खाच चालू आहे का, आणि प्रत्येक पट्टी, विशेषतः मधल्या दोन सप्तकांतली, नीट वर येते का. विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत मागून घेतली. स्टँड १,२०० आणि पायाने दाबायचं सस्टेन पेडल ९०० रुपये. हेडफोन मुलीचे. हेडफोनमुळे रात्री साडेदहानंतर सराव करता आला, आणि नोकरी करणाऱ्या बाईला ही सोय फार मोठी आहे.

एप्रिलपासून फाइल घेऊन बसले. आमचा गिटार वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, शेजारच्याच विंगेत राहतो. त्याने मला एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. काही पानांच्या वर कोपऱ्यात 'कॅपो ३' असं लिहिलेलं होतं. कॅपो म्हणजे गिटारच्या तारांवर लावायचा चिमटा.

''काकू, हे पान गिटारचं आहे. कॅपो तिसऱ्या घरात लावला की मी जी पकडतो, पण ऐकू येतो बी फ्लॅट. तुम्ही पानावरचं जी वाजवलंत तर आपलं जुळणार नाही.''

म्हणजे कॅपोचा जो आकडा असेल तेवढ्या पट्ट्या प्रत्येक अक्षर वर न्यायचं. जी वरून तीन पट्ट्या वर म्हणजे बी फ्लॅट, आपली काळी पाच. इंटरनेटवरची बरीच पानं गिटारवाल्यांनी लिहिलेली असतात, त्यामुळे पान हातात आलं की आधी कोपरा बघायचा.

दुसरं, व्हॉट्सॲपवर कॉर्ड मजकूर म्हणून पाठवू नका. आमच्या ग्रुपवर पान आलं की प्रत्येकाच्या मोबाइलवर जागा वेगळ्या पडत आणि शब्दावरचं चिन्ह भलत्याच अक्षरावर सरके. चिन्ह कुठल्या अक्षरावर आहे तिथेच हात पडायला हवा, तीच तर त्या पानावरची एकमेव तालाची खूण. फोटो किंवा पीडीएफ पाठवा. मी पुढे जाऊन प्रत्येक पान तालाच्या खणांत पुन्हा लिहून काढलं. केरव्याच्या आठ मात्रांचा एक खण, दादऱ्याच्या सहांचा एक. दादऱ्यात कॉर्ड बहुधा पहिल्या किंवा चौथ्या मात्रेवर बदलतो, ते खण केल्यावर डोळ्यांना दिसतं. मागचाच खण पुन्हा असेल तर टक्क्याचं चिन्ह, आणि 'एन. सी.' लिहिलं असेल तिथे हात उचलायचा, कॉर्ड नाही.

तिरक्या रेघेचं कोडंही याच सुमारास सुटलं. सी/ई असं असेल तर उजव्या हातात सी चाच कॉर्ड आणि डाव्या हातात ई. रेघेच्या आधीचं उजव्याचं, नंतरचं डाव्याचं, इतकं सरळ. पण त्याने गाण्याचा तळ एकेक पायरी उतरत जातो: सी, जी/बी, ए मायनर, ए मायनर/जी, एफ. डाव्या हातात सा, नी, ध, प, म. हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लहानपणापासून ऐकलेल्या किती गाण्यांच्या मागे हे उतरणं होतं ते एकदम लक्षात आलं. टीचर त्यावर बराच वेळ बोलल्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही सगळी मांडणी कागदावर उतरवणारे अनेक जण गोव्याचे होते. शंकर-जयकिशनसाठी काम केलेल्या सेबॅस्टियन डिसूझांचं नाव त्यांनी अभिमानाने घेतलं. आपण ज्यांच्या चाली गुणगुणतो त्यांची नावं पाठ असतात, पण त्या चालींखाली हा मजला बांधणाऱ्यांची नावं आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहेत. ही उणीव मला मनापासून टोचते.

जून-जुलै हा सगळ्यात जड काळ. चिन्हं वाचता येत होती, पण मन राजी होत नव्हतं. फाइलमध्ये एक भूपातलं भावगीत होतं, सी वर लिहिलेलं. भूपात सा रे ग प ध, म आणि नी वर्ज्य. पानावर मात्र दर दोन ओळींनी एफ. एफ म्हणजे म ध सां. गाणारी धैवतावर थांबते, एफमध्ये धैवत आहे, म्हणून लिहिणाऱ्याने तो टाकला, हे समजत होतं. पण त्या मध्यमाने माझ्या कानात भूप मोडत होता. टीचरना ते छान वाटत होतं. आमचं यावर एकमत झालं नाही, आजही नाही. पण त्या म्हणाल्या, ''पान म्हणजे कायदा नव्हे. रागातल्या स्वरांतून काय होतं ते तू काढून आण.''

मी काढलं. भूपाच्या पाच स्वरांत पूर्ण तीन स्वरांचे मेजर-मायनर दोनच कॉर्ड बसतात: सी आणि ए मायनर. त्याशिवाय सी सस २ म्हणजे सा रे प, आणि सी ६ म्हणजे सा ग प ध. हाच सी ६ धैवतापासून मांडला की ए मायनर ७ होतो, स्वर तेच चार. डावा हात बदलला की नाव बदलतं. धैवतावरच्या थांब्याला मी एफऐवजी ए मायनर ७ ठेवला आणि एफ फक्त कडव्यांच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात राहू दिला. गाणाऱ्या वहिनींना विचारलं, त्यांना गाताना आधार वाटला. यमनातल्या गाण्यात याच्या उलट मजा आली. तीव्र मध्यमामुळे रिषभावर मेजर कॉर्ड मिळतो: डी, म्हणजे रे, तीव्र म, ध. डाव्या हातात सा तसाच ठेवून वर डी वाजवला, पानाच्या भाषेत डी/सी, की यमन समोर उभा राहतो. आणि अभंगांना मी कॉर्ड लावलेच नाहीत. जिथे गळा मींडेने (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत) चालतो तिथे खाली सा-प पुरे, तेवढ्यासाठी सी ५ चं चिन्ह लिहून ठेवलं. माझं मत असं, की वाचायला शिकण्यात कुठे वाजवायचं नाही हे ठरवता येणंही आलंच.

२७ ऑगस्टला गणपती बसले. मंडपात आरतीला की-बोर्ड घेऊन बसले ती पहिली वेळ. टाळांच्या गजरात कॉर्ड कुणाला फारसे ऐकूही आले नसतील, पण चार माणसांत हात थरथरत नाही एवढी खात्री झाली. कार्यक्रमाआधी अशी एखादी जागा शोधून ठेवा.

सप्टेंबरमध्ये तालमी सुरू झाल्या. नवरात्र मध्ये आलं, २ ऑक्टोबरला दसरा, तालमींच्या संध्याकाळी कमी पडत होत्या. परवान्याचं कामही याच दिवसांत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, शासनाने वर्षातून जे मोजके दिवस १२ पर्यंत सवलतीचे जाहीर केलेले असतात ते सोडून. आम्ही १० ला थांबायचंच ठरवलं. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कार्यक्रमाची तारीख आणि वेळ, स्पीकरवाल्याचं नाव, सचिवांची सही, आणि पोलीस ठाण्यात दोन प्रती. एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची आणि त्या रात्री खिशात ठेवायची. हे काम आठ दिवस आधी उरका.

तालमीत एक प्रसंग असा आला, की तिथे वर्षभराची मेहनत कामी आली. वहिनींचा आवाज थोडा बसला होता आणि सी वर बसवलेलं एक गाणं त्यांनी काळी चारवर मागितलं. काळी चार म्हणजे ए फ्लॅट. सी, ए मायनर, एफ, जी चे झाले ए फ्लॅट, एफ मायनर, डी फ्लॅट, ई फ्लॅट. इतक्या काळ्या पट्ट्यांत माझा हात अजून सराईत नव्हता, म्हणून मी की-बोर्डचं ट्रान्स्पोझ (सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली करायची सोय) चार पट्ट्या खाली लावलं आणि पान जुनंच ठेवलं. गिटारवाल्याने कॅपो पहिल्या घरात लावला आणि तो जी, ई मायनर, सी, डी वाजवू लागला. आता गाणं एक, पण माझी अक्षरं वेगळी, त्याची वेगळी आणि प्रत्यक्ष ऐकू येणारी तिसरीच. मध्येच थांबून 'एफपासून घेऊ' म्हणायची सोय उरली नाही. तेव्हा मी म्हटलं, ''आपण म वर आहोत. म वरून प वर जा, मग सा वर ये.'' त्याने शाळेत थोडी पेटी शिकलेली होती. सा, ध मायनर, म, प. ही चार नावं कुठल्याही पट्टीत बदलत नाहीत. त्या संध्याकाळपासून सगळ्या पानांच्या समासात अक्षरांशेजारी मी सरगमीतलं नाव लाल शाईने लिहिलं, आणि आमच्या तालमी त्याच भाषेत चालतात. पाश्चात्त्य पद्धतीत यासाठी रोमन आकडे वापरतात, एक, सहा, चार, पाच असे. टीचरनी ते मला मुद्दाम दाखवलं. पण आपल्याला सरगम जवळची आहे, ती का सोडायची?

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. संध्याकाळी सातला गच्चीवर सुरुवात. स्टँडवर पानांना चिमटे लावा, कोजागिरीच्या वाऱ्यात प्लास्टिकच्या फाइलीतही पानं उलटतात. उजेड पानावर पडेल असा छोटा दिवा घरून न्या, गच्चीवरचे दिवे पाठीमागून येतात. भूपाचं भावगीत तिसरं होतं. ए मायनर ७ ची जागा आली, वहिनी धैवतावर थांबल्या आणि समोर बसलेल्या एका आजोबांनी मान डोलावली. त्यांना कॉर्ड कळला असेल असं मी म्हणत नाही. पण भूप भूपच राहिला होता, आणि मला तेवढंच हवं होतं. पावणेदहाला शेवटचं गाणं झालं, मग मसाला दूध.

क्लास अजून चालू आहे. ए फ्लॅट आणि डी फ्लॅटचे कॉर्ड आता ट्रान्स्पोझ न लावता वाजवायला घेतले आहेत. पेटीवर काळ्या पट्ट्यांवर अंगठा टाकायची सवय असते, ती इथे कामी येते आहे. दिवाळी पहाटेसाठी शेजारच्या सोसायटीतून विचारणा आली, त्यांच्या पानांवर ९ आणि १३ बरेच आहेत. टीचर म्हणतात, आधी ३ आणि ७ ऐकू येऊ देत, बाकीचे स्वर सोडले तरी चालतात. म्हणजे ग आणि नी. सध्या त्यावरच काम चालू आहे.

भजनी मंडळातल्या त्या दोघींना मी एवढंच करायला सांगितलं आहे: तुम्हाला चाल पाठ असलेलं, केरव्यातलं, तीन किंवा चार कॉर्डचं एक गाणं निवडा. कॅपो नसलेलं पान घ्या, ते खणांत लिहून काढा, आणि पहिले पंधरा दिवस फक्त डाव्या हाताची एकेक पट्टी समेवर टाकत स्वतःच गा. की-बोर्ड लगेच विकत घेऊ नका, पेटी उलटी फिरवली तरी एवढं होतं. वहीतल्या खुणांच्या पानाचा फोटो हवा असेल तर खाली सांगा, मी पाठवेन.